हिराताई आग्रिलोसला जाऊन आल्या

हिराताई रणपिसे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. पुण्याशेजारी मांजरीत या इमारती नव्याने झाल्या तेव्हा आम्ही दोघी एकाच महिन्यात इथे आलो. मी शाळेतून निवृत्त होऊन, त्या मार्केट यार्डातून. भुसार बाजारात एका व्यापाऱ्याच्या गोदामात त्यांनी आयुष्याची मधली सगळी वर्षं काढली. आधी दाभणाने पोत्यांची तोंडं शिवायच्या, नंतर मालाची आवक-जावक त्यांच्याकडे आली. बोलणं थोडं आणि तोडून. पहिल्या भेटीत मी आपलं सहज विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"वारले. ग्रीसमध्ये."

आता 'ग्रीसमध्ये वारले' हे वाक्य मांजरीत काही रोज ऐकू येत नाही. पण त्यांनी ते इतक्या सपाट आवाजात सांगितलं की पुढे काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. हकीकत कळायला वर्ष गेलं, आणि तीही तुकड्यातुकड्याने कळली.

हिराताईंचे यजमान सुखदेव रणपिसे ताडीवाला रोडचे. औंधच्या आयटीआयमधून फिटर झाले. मुंबईच्या एका एजंटामार्फत मालवाहू बोटींवर इंजिनाच्या कामाला लागले. बोटी ग्रीक मालकाच्या. आठ-नऊ महिने बोटीवर, मग दोन-तीन महिने घरी. घरी आले की हिराताई विचारायच्या, "समुद्र कसा असतो हो?"

"इंजिनाच्या खोलीला खिडकी नसते," ते सांगायचे. "तू जेवढा पाहिलास तेवढाच मी पाहिलाय."

एक्याण्णव सालच्या हिवाळ्यात एजंटाचा माणूस घरी आला. त्याच्याकडे इंग्रजी टाइप केलेला कागद होता. 'कालिओपी' या जहाजावरील फिटर सुखदेव रणपिसे यांचा आजारपणात मृत्यू झाला, आग्रिलोस बेटावर दफन केले. बस, एवढंच. हिराताई तेव्हा तिशीत होत्या, मुलगी सोनाली पहिलीत.

सासूबाई, यमुनाबाई, यांनी तो कागद कधीच मानला नाही. "दफन कुठलं करतायत! पाण्यात टाकला असणार माझ्या लेकाला. बोट थांबवून खड्डा खणायला त्यांचा कोण लागतो तो?" हे त्या मरेपर्यंत म्हणत राहिल्या. हिराताई मुंबईला एजंटाकडे गेल्या. त्याने खांदे उडवले. पुन्हा गेल्या तर त्या जागी दुसऱ्याच धंद्याची पाटी लागलेली. जहाजाची कंपनीही बुडाली, असं कुणीतरी सांगितलं. मग हिराताई मार्केट यार्डात कामाला लागल्या आणि तो विषय घरात बंद झाला.

"माणूस गेला हे मी मानलं होतं," एकदा गवार निवडता निवडता त्या मला म्हणाल्या. "पण जाताना जवळ कोणी होतं का? कोणी पाणी तरी दिलं का? का त्या खिडकी नसलेल्या खोलीतच? एवढंच डोक्यात फिरायचं. पोती शिवताना फिरायचं, भाकरी थापताना फिरायचं. सोनालीला कधी बोलले नाही."

सोनालीला ते माहीत होतंच. मुलींना माहीत असतं. ती शिकली, खराडीला एका कंपनीत नोकरीला लागली, आणि दर वर्ष-दोन वर्षांनी कॉम्प्युटरवर वडिलांचं जहाज शोधायची. काही सापडायचं नाही. गेल्या वर्षी तिच्या डोक्यात आलं की आपण इंग्रजीत शोधतोय, पण त्या बेटावरची माणसं इंग्रजीत कशाला लिहितील? तिने जहाजाचं नाव, बेटाचं नाव आणि 'भारतीय खलाशी' हे शब्द ग्रीक भाषेत करून घेतले आणि टाकले.

एकच पान उघडलं.

आग्रिलोसवर हिवाळ्यात साठ-सत्तर माणसं राहतात. बाकीची पिढ्यान्‌पिढ्या ऑस्ट्रेलियाला गेलेली. तिथली शाळा पटावर मुलंच नाहीत म्हणून बंद पडली, आणि शाळेचे मास्तर, त्यांचं नाव स्टेलिओस, रिकामे झाले. त्यांनी बेटाचा इतिहास लिहायला घेतला. राजांचा आणि लढायांचा नव्हे, कारण त्या बेटावर कुठला राजा फिरकलाच नव्हता. कुणाच्या घराखाली पावसाच्या पाण्याचं टाकं कोणी खोदलं, समुद्राच्या तळातून स्पंज काढायला कोण कोण गेले आणि त्यातले कोण परतले नाहीत, इटलीचा अंमल होता तेव्हा कुणी पीठ कुठे लपवलं, असलं सगळं. त्यात एक प्रकरण होतं, 'समुद्राने आणलेली माणसं'. बेटाच्या किनाऱ्याला लागलेल्या परक्या माणसांचं.

त्यात 'कालिओपी'चा फोटो होता. आणि खाली दुसरा फोटो: दगडी कुंपणाशी काळ्या कपड्यातल्या बायका, टोप्या काढून उभे असलेले पुरुष, आणि मधे ताजी माती.

सोनाली लॅपटॉप घेऊन आली तेव्हा मी हिराताईंकडेच गवार निवडत बसले होते. त्यांनी फोटो पाहिला. मग म्हणाल्या, "पाण्यात नाही टाकलं."

"नाही आई."

"तुझी आजी उगाच जीव जाळत गेली."

खालचा मजकूर सोनालीने फोनवर मराठीत करून घेतला. यंत्राचं मराठी ते, धड नव्हतंच. वादळात इंजिन बिघडलं म्हणून जहाज बेटाच्या आडोशाला उभं राहिलं. एका भारतीय खलाशाच्या पोटात भयंकर दुखत होतं, त्याला होडीतून गावात आणलं. बेटावर डॉक्टर नव्हता, आणि वारा असा की हेलिकॉप्टर उतरेना. काही दिवसांनी तो वारला. आणि शेवटी एक वाक्य: 'तो सतत विधवेबद्दल बोलत होता. ती विधवा कोण, हे आम्हाला कधीच कळले नाही.'

"विधवा?" मी म्हणाले.

हिराताईंनी लगेच उत्तर दिलं. "सासूबाई. त्या विधवाच होत्या. आईची आठवण आली असेल. बरोबरच आहे." आणि उठून गवारीच्या शिरा टाकायला आत गेल्या. पण मी त्यांचा चेहरा पाहिला होता. इतकी वर्षं ज्याच्यासाठी काढली, त्याच्या तोंडी शेवटी आपलं नाव नव्हतं, हे कुठल्याही बाईला लागणारच. त्या बोलून दाखवणाऱ्यातल्या नव्हत्या, एवढंच.

सोनालीने मास्तरांना मेल केली. उत्तर आलं ते आनंदाने उड्या मारल्यासारखं. या, जरूर या, सुखदेवच्या घरची माणसं असतील असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं, इरिनी तर रडतेच आहे. ही इरिनी कोण, ते लिहिलं नव्हतं. आणि शेवटी एक ओळ: 'मात्र ती कबर आता तिथे नाही, हे आधीच सांगतो.'

सोनालीने याचा अर्थ शोधला आणि आईपासून आठवडाभर लपवला. तिथल्या छोट्या बेटांवर सगळा खडक. माती थोडी, म्हणून दफनाच्या जागाही मोजक्या. त्यामुळे काही वर्षांनी हाडं बाहेर काढतात, जागा दुसऱ्याला देतात. ज्याचे नातलग असतात ते हाडं धुऊन पेटीत ठेवतात. ज्याचं कोणी नसतं त्याची सगळ्यांच्या सामायिक खड्ड्यात जातात.

ते हिराताईंना कळलं तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. "मग जायचं कशाला?" म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मला जिन्यात भेटल्या, हातात बाजाराची पिशवी. "मार्केट यार्डात जातेय. गुळाची ढेप आणायला."

"आता मधेच गूळ?"

"त्यांच्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? ज्यांनी माती दिली त्यांना बघून तरी येते."

सप्टेंबरात मायलेकी निघाल्या. पुढचं सगळं मी दोघींकडून ऐकलंय. सोनाली सांगते तेव्हा भावना जास्त, हिराताई सांगतात तेव्हा तपशील जास्त.

अथेन्सहून मोठी बोट, मग एका बेटावर मुक्काम, मग आठवड्यातून दोनदा जाणारी लहान बोट. हिराताई पहिल्यांदाच समुद्रावर होत्या. लोक आत जाऊन झोपले, त्या कठड्याशी उभ्या राहिल्या. आग्रिलोस दिसलं तेव्हा त्यांना वाटलं, हा तर नुसता डोंगर. मग खाली पांढरी घरं दिसली. आमच्या एका सोसायटीत बसतील एवढी.

धक्क्यावर मास्तर उभे होते, शर्टाची सगळी बटणं लावून. त्यांच्या शेजारी पन्नाशी उलटलेली एक धिप्पाड बाई. तीच इरिनी. बंदरावरचं कॉफीचं दुकान तिच्या वडिलांचं होतं. सुखदेवांना होडीतून आणलं ते त्याच दुकानात, आणि ठेवलं ते वरच्या खोलीत. तेव्हा ती विशीतली होती.

दुकानात नेऊन तिने दोघींना बसवलं, पाण्याचे ग्लास आणि अंजिरं पुढे ठेवली. मग हिराताईंचा हात हातात घेऊन ग्रीकमध्ये काही विचारलं. मास्तरांना इंग्रजी येत होतं. ते सोनालीला सांगायचे, सोनाली आईला.

"ती नाव विचारतेय तुझं."

"हिरा," हिराताई म्हणाल्या.

इरिनीने मान डोलावली, हात थोपटला आणि पुन्हा तेच विचारलं.

"ती म्हणतेय, हो, ते आम्हाला माहीत आहे. पण नाव काय?"

"हिरा!"

मास्तर जरा अवघडले. सोनालीकडे वळून म्हणाले, "तुमच्या आईंनी आमचा शब्द शिकून घेतला, फार चांगलं वाटलं. पण त्या विधवा आहेत हे ठाऊक आहे आम्हाला. त्यांचं नाव विचारतोय."

सोनाली प्रवासाने आधीच शिणलेली. "विधवा कुठे म्हणाली ती? नावच सांगतेय. हिरा. आमच्याकडे बायकांचं नाव असतं. हिरा म्हणजे दागिन्यातला खडा असतो ना, तो."

मास्तरांचा हात टेबलावर होता तसाच राहिला.

"हीरा," ते सावकाश म्हणाले. "आमच्या भाषेत हीरा म्हणजे विधवा."

मग त्यांनी इरिनीला सांगितलं. सोनाली म्हणते, त्या बाईने आधी दोन्ही हात तोंडावर ठेवले, मग खुर्चीत बसली, आणि मग हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. आईला तर काहीच कळत नव्हतं. "काय झालं गं? मी काय चुकीचं बोलले?"

"आई," सोनालीने सांगितलं, "बाबा विधवेबद्दल बोलत नव्हते. तुला हाक मारत होते."

हिराताईंनी मला सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मला एकदम हलकं वाटलं. डोक्यावरची पाटी कोणी उतरवून घ्यावी तसं."

मग इरिनी बोलायला लागली आणि थांबेचना. वरच्या खोलीत पलंग खिडकीशी ओढला होता, कारण खलाशी सारखा बाहेर पाहत होता. इरिनीची आई त्याच्या उशाशी बसून असायची. कपाळावर ओली फडकी ठेवायची, चमच्याने पाणी द्यायची. तो म्हणायचा, "हिरा." ती बिचारी घाबरून म्हणायची, "नाही, नाही, असं अभद्र बोलू नये. कोणी विधवा होणार नाही, तू बरा होशील." तो पुन्हा म्हणायचा, "हिरा." ती पुन्हा, "नाही रे बाबा, नाही!"

"दुखत होतं का त्यांना फार?" हिराताईंनी विचारलं. चौतीस वर्षं दाबून धरलेला प्रश्न.

"सुरुवातीला खूप," इरिनी म्हणाली. तिने खोटं सांगितलं नाही, हे हिराताईंना आवडलं. "मग दुखणं उतरलं. आम्हाला वाटलं, बरा होतोय. तो शब्द म्हणताना त्याचा चेहरा शांत असायचा. म्हणून तर आम्हाला कोडं पडायचं, की विधवेचं नाव घेताना माणूस हसतो कसा? आई मरेपर्यंत विचारत होती. सगळ्या गावाने डोकं लढवलं."

खलाशांमध्ये एक गोव्याचा होता. त्याने पाद्रीबाबांना सांगितलं, हा ख्रिस्ती नाही, बौद्ध आहे. गावात कोणी बौद्ध पाहिलेला नव्हता. मास्तर तेव्हा तरुण होते. त्यांनी शाळेतला ज्ञानकोश काढला. त्यात लिहिलं होतं, बुद्धाला अंजिराच्या जातीच्या एका झाडाखाली ज्ञान झालं. पिंपळ बेटावर कुठला असणार? पण दफनभूमीच्या कुंपणाशी एक अंजिराचं झाड होतं. पाद्रीबाबा म्हणाले, तिथेच जागा द्या, आणि क्रूस लावू नका. अख्खं गाव आलं. वारा इतका होता की मेणबत्त्या पेटेनात.

"आम्ही चुकलो तर नाही ना?" इरिनीने विचारलं. "तुमच्यात माणसाला जाळतात म्हणे. आम्हाला माहीत नव्हतं. वडिलांना ती रुखरुख होती."

"काही चुकलं नाही," हिराताई म्हणाल्या. सोनालीने भाषांतर करायच्या आधीच इरिनीला ते कळलं असावं. तिने मोठा श्वास सोडला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर सगळे चढ चढून वर गेले. कुंपणाशी अंजिराचं झाड होतं. त्याच्याखाली आता दुसऱ्याच कुणाची कबर होती, तिच्यावर क्रूस. हिराताई तिथे थबकल्या. इरिनीने त्यांचा दंड धरला आणि कोपऱ्यातल्या लहानशा पांढऱ्या खोलीकडे नेलं. आत भिंतीला फळ्या, फळ्यांवर पत्र्याच्या आणि लाकडाच्या पेट्या, प्रत्येकीवर नाव. इरिनीच्या घरच्या फळीवर तिचे वडील होते, आई होती. त्यांच्या शेजारी एक निळी पेटी. ग्रीक अक्षरात सुखदेव, आणि क्रूसाच्या जागी अंजिराचं पान रंगवलेलं.

"खड्ड्यात नाही?" हिराताईंनी विचारलं.

इरिनी जवळजवळ रागावलीच. "खड्ड्यात कशी? आमच्या घरात गेलेला माणूस तो. जागा रिकामी करायची वेळ आली तेव्हा आईने आणि मी बाहेर काढलं, वाइनने धुतलं, आमच्या माणसांचं करतो तसंच." मग तिने आपल्या आजोबांचं सांगितलं. ते स्पंज काढायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले होते, पाण्यातून वर आले ते मेलेलेच. तिकडच्याच कुणी अनोळखी माणसांनी त्यांना पुरलं. कुठे, ते घरात कुणालाच माहीत नाही. "आई म्हणायची, तिकडे कोणी आपल्या माणसाचं केलं, इकडे आपण यांच्या माणसाचं करू."

मास्तर म्हणाले, पेटी तुमची आहे. कागदपत्रं लागतील ती मी करून देतो, घेऊन जा. सोनालीची तीच इच्छा होती. हिराताई पेटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कुठे नेऊ?" म्हणाल्या. "मांजरीच्या फ्लॅटमध्ये? इथे माणसांत आहेत. राहू दे."

मग दोघी मायलेकींनी हात जोडून त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. म्हातारे पाद्रीबाबा दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभे होते. संपल्यावर त्यांनी मास्तरांना विचारलं, गाणं होतं की प्रार्थना? मास्तरांनी सोनालीला विचारलं. सोनालीने सांगितलं, चांगलं वागायचं वचन असतं. ते म्हणाले, मग चालेल.

आठवडाभर राहिल्या त्या. गुळाची ढेप इरिनीने दुकानात मधोमध ठेवली आणि येईल त्याला खडा दिला. घराखालची टाकी हिराताईंनी आत डोकावून पाहिली. स्पंजवाल्यांच्या होड्या कुठे बांधायचे ते मास्तरांनी दाखवलं. निघायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी त्यांच्यासमोरच ते पान उघडलं आणि वाक्य बदललं. आता तिथे लिहिलंय: 'तो आपल्या बायकोला हाक मारत होता. तिचं नाव हिरा.'

परत आल्या तेव्हा मी डबा घेऊन गेले. मला वाटलं, थकल्या असतील, रडल्या असतील. तर बाई दार उघडून म्हणतात कशा, "माझ्या आत्याला काय ठाऊक हो! बारशाला नाव ठेवलं तेच विधवा म्हणून!" आणि हसायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. सोनाली आतून ओरडली, "आई, पुरे! विमानात शेजारच्यांनाही सांगितलंस."

बदल एवढाच नाही. पूर्वी पहाटे चारला त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागायचा. आता सकाळी दूधवाल्याला दोनदा बेल वाजवावी लागते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारी ही बाई परवा टँकरच्या विषयावर उभी राहिली आणि म्हणाली, "पावसाचं पाणी गच्चीवरून गटारात सोडता आणि मग टँकर मागवता. आग्रिलोसला एवढीशी माणसं आहेत, नदी नाही, विहीर नाही. घराघराखाली टाकं आहे. तीनशे वर्षांचं." चेअरमन म्हणाले, "हे आग्रिलोस कुठे आलं? शिरूरकडे का?" त्यावर हिराताई म्हणाल्या, "तुम्ही आधी टाकं बांधा, मग पत्ता देते."

रविवारी दुपारी इरिनीचा फोन येतो. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण अर्धा तास बोलतात. इरिनी दुकानातली मांजरं दाखवते, हिराताई कुकर दाखवतात. फेब्रुवारीत तिकडे दुकान बंद असतं, तेव्हा ती पुण्याला येणार आहे, पहिल्यांदाच देशाबाहेर. तिला तिखट चालेल का, आंघोळीला कढत पाणी लागेल का, मंडईत नेलं तर गर्दीत घाबरेल का, असे प्रश्न हिराताई मला रोज विचारतात. तिला काय म्हणायचं हेही ठरत नव्हतं. शेवटी 'वन्सं' ठरलं.

"नवऱ्याचं सगळं तिनेच केलं," म्हणाल्या. "बहीणच झाली ना त्यांची."

काल आम्ही दोघींनी मिळून पाहुण्यांच्या खोलीतले पडदे काढून धुतले.